काळे दाणे कुठे जातात?

सुजाता ओव्हाळच्या अंगात हेवा नावालाही नाही, असं ऑकलंडमधला कुणीही मराठी माणूस तुम्हाला सांगेल. त्याचं ऐकू नका. एरवी ते खरंही होतं म्हणा. देशातून नव्याने आलेल्या कितीतरी पोरी अल्बनीतल्या तिच्या घरी राहून गेल्या. त्यांना बँकेचं खातं उघडून देणं, गाडी शिकवणं, थंडीसाठी पांघरूण कुठल्या दुकानातून घ्यायचं ते सांगणं, सगळं तिने हौसेने केलं. पण ज्या जुलैची ही गोष्ट आहे, त्या जुलैत ही बाई जळत होती. आणि जळत होती ती अशाच एका पोरीवर, जिला तिने स्वतः विमानतळावरून घरी आणलं होतं.

त्या पोरीचं नाव गौतमी. वय तिशीच्या आसपास, पुण्याची, वडील सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. सुजाता ज्या लॅबमध्ये सीनियर होती तिथेच ती लागली. लॅबचं काम म्हणजे बाहेरदेशातून येणारं खाणं तपासायचं: शेंगदाणे, मिरचीपूड, अंजीर, पिस्ते. शेंगदाणा दमट राहिला की त्याला बुरशी येते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, भाजून पुरतं जात नाही, आणि वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात गेलं की लिव्हर पोखरतं. सुजाताचं अर्धं आयुष्य ह्या एका विषाच्या मागे गेलं होतं. नमुना कसा दळायचा, मशीन कसं लावायचं, आकडा संशयास्पद वाटला तर आधी काय तपासायचं, हे गौतमीला तिनेच शिकवलं. गौतमी तिला सुजाताताई म्हणायची आणि भर लॅबमध्ये "ताई, हे बघ ना जरा" अशी मराठीतून हाक मारायची. तेव्हा ते सुजाताला फार आवडायचं.

मग मलावीचं काम निघालं.

आफ्रिकेतल्या ह्या देशात शेंगदाणा भरपूर पिकतो. तिथल्या सरकारला शाळेतल्या मुलांच्या मक्याच्या पेजेत शेंगदाण्याचं कूट घालायचं होतं, कारण बरीच मुलं वयाच्या मानाने ठेंगणी, अंगाने वाळलेली. पण कुटाबरोबर विष पोटात जायला नको, म्हणून दाणा शेतातून निघाल्यापासून शाळेच्या पातेल्यात पडेपर्यंतचे नियम हवे होते. ते लिहायला मदत म्हणून न्यूझीलंडहून एक माणूस काही महिने तिकडे जाणार होता. सुजाताला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की अर्ज केल्याचं तिने नवऱ्याशिवाय घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गौतमीने येऊन विचारलं, "ताई, मी पण टाकू का? तुझंच होणार आहे, पण मला इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस होईल."

"टाक की," सुजाता म्हणाली. "अजून हीप्स ऑफ टाइम आहे."

झालं ते प्रॅक्टिसवालीचं. सुजाता राहिली.

निकाल कळला त्या दिवशी लॅबच्या चहाच्या खोलीत केक आला. सुजाताने तो स्वतः कापून सगळ्यांना वाटला, गौतमीला मिठी मारली, "आय ॲम सो प्राउड" म्हणाली, आणि संध्याकाळी गाडीत येऊन स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसून राहिली. गौतमीचे केस, गौतमीचं इंग्रजी, मीटिंगमध्ये शिरताना सगळ्यांना "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून हसायची तिची पद्धत, सगळं डोळ्यांत खुपायला लागलं. इंटरव्ह्यूतही अशीच हसली असणार, तिने ठरवून टाकलं. ह्या लोकांना हसणारीच माणसं लागतात. आपण एवढी वर्षं मान खाली घालून आकडे तपासले, त्यापेक्षा दात दाखवायला शिकलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

घरी तरी सुख असावं? तर घरी तात्याराव. म्हणजे तिचे सासरे, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले. अशी बातमी त्यांच्या कानांवर पोचायला वेळ लागत नाही. जेवायला बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली.

"पोरीने समाजाचं नाव काढलं. आपली मुलगी आफ्रिकेच्या सरकारला कायदा शिकवायला जाते म्हणजे काय!"

"तात्या, कायदा नाही, नियम," सुजाता म्हणाली. "आणि शिकवायला नाही, मदतीला."

"तेच ते. पोळी वाढ."

आरुषी, तिची पंधरा वर्षांची मुलगी, हिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. ती फोनमधून डोकं वर काढून म्हणाली, "गौतमी मावशी इज सो कूल. मम, यू शुड डू समथिंग लाइक दॅट."

सुजाताचा नवरा नागसेन ताटाकडे बघत जेवत राहिला. पोळी तव्यावर करपली आणि सुजाताने ती तशीच तात्यारावांच्या ताटात वाढली. त्यांच्या लक्षात आलं नाही.

आषाढ पौर्णिमेला टाकानिनीच्या कम्युनिटी हॉलमध्ये वंदना होती. अल्बनीहून टाकानिनी म्हणजे आख्खं शहर ओलांडून दुसरं टोक, पण दर वर्षी सगळे जातात. त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली, आणि मग गौतमीचा निरोपसमारंभ. वयाने मोठे म्हणून तात्यारावांच्या हस्ते शाल. शाल देताना तात्यारावांचा गळा दाटून आला. सुजाताच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला बढत्या मिळाल्या, तिच्या सहीशिवाय लॅबमधून अहवाल बाहेर पडत नसे. पण तिच्यासाठी तात्यारावांचा गळा कधी दाटल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यात तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. खोटं बोलायची सवय नसूनही ती फार छान बोलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, गुरू असावा तर असा. 

कार्यक्रम संपल्यावर ती हॉलच्या किचनमध्ये खिरीची पातेली घासायला गेली. कुणाशी बोलायला नको म्हणून गेली होती. तर गौतमी शाल खुर्चीवर टाकून पुसायचं फडकं घेऊन शेजारी हजर.

"ताई, खरं सांगू? मला अजून कळत नाही त्यांनी मला का घेतलं. एका प्रश्नाला तर मी चक्क सॉरी म्हटलं."

"कुठल्या?"

"ते नाही का, निवडून काढलेल्या खराब दाण्यांचं पुढे काय होतं? मी म्हटलं, आय डोंट नो, तिथल्या बायकांना विचारावं लागेल. बास, एवढंच. तुलाही विचारलं असेल ना? तू काय सांगितलंस?"

"आठवत नाही गं," सुजाता म्हणाली आणि नळ मोठा केला.

चांगलं आठवत होतं. ती म्हणाली होती, "दे आर डिस्ट्रॉइड." नष्ट करतात. लॅबमध्ये खराब नमुना पिवळ्या बादलीत जातो, बादली भट्टीत जाते, विषय संपला. लॅबमध्ये जन्म काढलेली माणसं ही चूक हमखास करतात. त्यांना वाटतं पिवळी बादली जगात सगळीकडे असते. पण सुजाताची ती चूक नव्हती. खराब दाणे कुठे जातात ते तिला पक्कं माहीत होतं. ते ती बोलली नव्हती, कारण तिला लाज वाटली होती.

तिची आई विमल धुळ्यात दाण्याच्या मिलमध्ये निवडायला जायची. ढिगापुढे बायका रांगेने बसायच्या. चांगला टपोरा दाणा एका टोपलीत, काळा, सुरकुतलेला, बुरशीचा दुसऱ्या टोपलीत. चांगला दाणा पोत्यांत भरून बाहेरदेशी जायचा. काळा बायका घरी न्यायच्या आणि मुकादम तिकडे काणाडोळा करायचा, कारण तेवढ्यावर बायका कमी मजुरीत गप्प राहायच्या. विमल पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि मिरची-लसूण जास्तीची घालून चटणी कुटायची. त्याशिवाय कडवटपणा लपत नसे. सुजाता आणि तिची भावंडं ती चटणी भाकरीशी खाऊनच शाळेत गेली, आणि आवडीने गेली. पुढे विमलचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि ती गेली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर. अफ्लाटॉक्सिन हा शब्द सुजाताने कॉलेजच्या वर्गात ऐकला तो त्यानंतर. अमक्या बाईला अमक्या दाण्याने मारलं असं कुणाला सिद्ध करता येत नाही, हे तिला चांगलंच माहीत होतं. तरी तिची खात्री होती.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीत ती म्हणाली होती, आई मिलमध्ये नोकरीला होती. तात्यारावांनी परस्पर समजून घेतलं की सुपरवायझर असतील, आणि पुढे लोकांना तसंच सांगत राहिले. सुजाताने ते कधी दुरुस्त केलं नाही. नागसेनलाही अर्धंच माहीत. मग इंटरव्ह्यूला बसलेल्या तीन नीटनेटक्या माणसांसमोर, मी ते खाऊन मोठी झाले, असं तिच्या तोंडून कसं यावं? जे तिला सगळ्यांत जास्त माहीत होतं तेच तिने दडवलं, आणि जिला काहीच माहीत नव्हतं तिने सरळ माहीत नाही म्हणून सांगितलं आणि बाजी मारली. पातेलं घासता घासता तिला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. पण माणूस स्वतःच्या थोबाडीत किती वेळ मारणार? थोड्या वेळाने राग पुन्हा गौतमीवर जाऊन बसला. तिथे त्याला बरं वाटत होतं.

गौतमी गेली. मग तिचे फोटो यायला लागले. तांबडी माती, निळ्या गणवेशातली मुलं, हातात पेजेचे मग. शेतीखात्यातल्या साहेबलोकांबरोबर टेबलाशी बसलेली गौतमी. झाडाखाली बायकांच्या घोळक्यात बसलेली गौतमी. आरुषी प्रत्येक फोटो जेवणाच्या टेबलावर फिरवायची, तात्याराव चष्मा लावून बघायचे, आणि सुजाता प्रत्येक फोटोला अंगठा पाठवून भांडी आवरायला उठायची. अंगठा पाठवायलासुद्धा तिला जिवावर यायचं. त्या झाडाखाली मी बसायला हवी होते, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात भुणभुणत राहायचं. लॅबमध्ये एक दोनदा तिने नमुन्याच्या चिठ्ठीवर चुकीचा देश लिहिला. अशी चूक तिच्या हातून कधी होत नसे.

मग एके दिवशी तिकडे सकाळ आणि इकडे संध्याकाळ असताना गौतमीचा व्हिडिओ कॉल आला. आरुषीने फोन उचलला आणि पाण्याच्या जगला टेकवून टेबलावर उभा केला. त्यामुळे सगळं घर ऐकत होतं.

"जयभीम तात्या! ताई, दोन मिनिटं आहेत का गं? मी मिलमध्येच आहे, बायका कामावर बसल्यात." तिच्या मागे मोठी शेड दिसत होती, ढीग दिसत होते, आणि ढिगांपुढे रांगेने बायका. सुजाताचा घास हातातच राहिला. "परवा मसुदा मंत्रालयात द्यायचाय. त्यात सध्या आहे की खराब दाणे नष्ट करावेत. पण मला पटत नाहीये. खराब दाण्यांचा ढीग संध्याकाळपर्यंत नाहीसा होतो. बायकांना विचारलं की म्हणतात फेकला. कुठे फेकला विचारलं की एकमेकींकडे बघून हसतात. मला वाटतं घरी नेतात, पण एकही कबूल करत नाही. उगाच अंदाजाने नियम कसा लिहू? तू काही सुचव ना."

सुजाताला काय सुचवायचं ते लख्ख माहीत होतं. आणि त्याच क्षणी तिला हेही दिसलं, की आपण गप्प बसलो तर ह्या पोरीला ते कधीच कळणार नाही. हसून हसून विचारू दे. हसण्याने उघडणारी ती दारं नव्हेत. येईल हात हलवत परत.

"बघते गं," ती म्हणाली. "सवडीने मेल करते."

"परवापर्यंत जमेल?"

"बघते म्हटलं ना."

फोन बंद झाला. सुजाताने भाताचा घास घेतला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला जेवण गोड लागलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. तिने आमटी मागून घेतली. लोणचंही घेतलं.

"त्यात एवढं काय विचारायचं?" तात्याराव म्हणाले. "गरीब झाले म्हणून माणसं बुरशी खातात का कुठे? फेकलाच असणार."

आरुषीने नाक मुरडलं. "ईऊ. हू वुड ईव्हन ईट दॅट?"

"मी," सुजाता म्हणाली.

कुणाला काही कळलं नाही. तिलाही वाटलं नव्हतं की आपण बोलू. पण पोरीचं ते मुरडलेलं नाक तिला सहन झालं नाही. गौतमीचं कौतुक तिने महिनाभर गिळलं होतं, करपलेल्या पोळीवर भागवलं होतं; पण आपल्या पोटची मुलगी आपल्या आईच्या चटणीला ईऊ म्हणते, हे तिच्या घशाखाली उतरेना.

"मी खाल्लेत. दहावीपर्यंत रोज. तुझी आजी, माझी आई, त्या बायकांसारखी ढिगापुढे बसायची आणि काळे दाणे पदरात बांधून आणायची. चटणी करायची. आम्ही त्यावर भांडायचो." आवाज चढला होता, तो तिला खाली आणता येईना. "आणि तात्या, ती सुपरवायझर नव्हती."

तात्यारावांनी हातातला चमचा खाली ठेवला. "सुपरवायझर असं तूच सांगितलं होतंस ना?"

"तुम्ही म्हणालात. मी नाही म्हटलं नाही."

नागसेनने तिच्या पाठीवर हात ठेवला. आरुषीचा चेहरा रडवेला झाला. "मम, आय डिडंट मीन... सॉरी," ती पुटपुटली आणि मग चक्क मराठीत म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार? मी सांगितलंच नाही."

तात्याराव बराच वेळ ताटाकडे बघत बसले. बँकेत कर्जाचं प्रकरण नामंजूर करताना ते असेच बसत असावेत, असं सुजाताला वाटलं आणि ती पुढच्या बोलण्याला तयार झाली. पण त्यांनी पाण्याच्या जगला टेकवलेला फोन उचलून तिच्यापुढे सरकवला.

"त्या बायका अजून कामावर असतील," ते म्हणाले. "लाव फोन."

फोन लावताना तिचा हेवा काही विरघळून गेला नव्हता, असलं काही समजू नका. उलट नंबर दाबताना तिच्या मनात स्पष्ट आलं: आता हे फळ सोलून गौतमीच्या हातात द्यायचं, आणि तिने ते खायचं. तरी तिने लावला. गौतमीने उचलल्यावर ती म्हणाली, "मला त्या बायकांशी बोलू दे. तू मध्ये बोलू नकोस."

शेतीखात्यातल्या एक बाई सुजाताचं इंग्रजी त्यांच्या भाषेत सांगायला बसल्या. फोन बायकांच्या पुढे धरला गेला. सात-आठ चेहरे पडद्यात दाटीवाटीने आले. पुढे एक म्हातारी होती, एस्नाथ नावाची. बाकीच्या आधी तिच्याकडे बघत आणि मग बोलत.

"माझी आई तुमच्यासारखी दाणे निवडायची," सुजाताने सांगितलं. "काळे दाणे ती घरी आणायची. आम्ही खायचो."

ते सांगितलं गेल्यावर बायका हसायच्या थांबल्या. एस्नाथने काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, कशात बांधून आणायची?"

सुजाता उठून उभी राहिली. अंगावर जीन्स आणि स्वेटर होता, पदर कुठून आणणार? तिने खुर्चीवरची ओढणी घेतली, खांद्यावर टाकली, तिचं टोक मुठीत धरून गाठ मारली आणि कमरेला खोचून दाखवली. आई जशी खोचायची तशी, डाव्या बाजूला, वरून हात फिरवला तरी फुगवटा लागू नये अशी. पडद्यातल्या बायकांमध्ये एकदम गलका झाला. एकीने दुसरीला कोपर मारलं. एस्नाथ कमरेभोवती गुंडाळलेलं फुलाफुलांचं कापड चाचपडत होती. तिने त्याचं टोक बाहेर काढलं, गाठ सोडली आणि तळहात फोनपुढे धरला. काळे, सुरकुतलेले दाणे.

गौतमीच्या तोंडून "अगं आई" निघालं. 

एस्नाथने पुढे विचारलं, तुझी आई काय रांधायची? सुजाताने सांगितलं. मिरची किती, लसूण किती, कडू लागू नये म्हणून काय करायची, सगळं. बायकांनी त्यांचं सांगितलं. त्या पाल्याच्या भाजीत कुटून घालतात, नातवंडांना पेजेत घालतात. मग एस्नाथने विचारलं, "आता कुठे असते तुझी आई?"

"गेली," सुजाता म्हणाली. "पोट फुगून गेली. ह्या दाण्यांनी गेली असं मला वाटतं. मी हेच तपासायचं काम करते."

एस्नाथने तळहात मिटला, पण दाणे टाकले नाहीत. पुन्हा गाठीत बांधले. सुजाताला त्यात काही नवल वाटलं नाही. विष आहे म्हणून सांगणाऱ्याने घरी दुसरं काही शिजायला दिलं नव्हतं.

"गौतमी, ऐक," ती म्हणाली. "नष्ट करा असं लिहिलंस तर ह्या अजून नीट लपवतील. काळे दाणे त्यांच्याकडून बदलून घ्यायचे. भांडंभर काळ्याला भांडंभर चांगले. मिलवाल्याने द्यायचे. त्याचा चांगला माल बाहेर जातो तो ह्यांच्या निवडीवर. मग नष्ट करा. आणि नियमात हे आधी लिही, नष्ट करायचं नंतर."

"ताई, हे आम्हाला कुणाला सुचलंच नसतं."

"माहीत आहे," सुजाता म्हणाली. हे ती मोठेपणाने म्हणाली नाही, खोचून म्हणाली. गौतमीला ते कळलं की नाही कोण जाणे.

मंत्रालयात भांडणं झाली. चांगले दाणे फुकट का वाटायचे म्हणून मिलवाले बिथरले, अधिकारी म्हणाले पायंडा पडेल. गौतमी त्यांच्याशी झुंजली, हे मात्र कबूल करायला हवं, आणि सुजाताने ते कबूल केलं, दात ओठ खात का होईना. शेवटी एका मिलमध्ये करून बघू, असं ठरलं. महिन्याभराने लॅबच्या बातमीपत्रात गौतमीचा हसरा फोटो आला आणि खाली गौतमीच्या अभिनव कल्पनेचं कौतुक. गौतमीने पाठवलेल्या मजकुरात सुजाताचं नाव होतं; छापणाऱ्याने जागेअभावी ते गाळून "ऑकलंडमधल्या एका सहकाऱ्याची मदत" असं करून टाकलं होतं. गौतमीने तिकडून तीन वेळा फोन करून माफी मागितली. "अगं, असू दे, स्वीट ॲज," सुजाता इथल्या लोकांसारखं म्हणाली, आणि बातमीपत्र चारदा घडी घालून कचऱ्यात टाकलं. नागसेनने सगळं पाहिलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी संध्याकाळी गौतमीने व्हिडिओ पाठवला. अदलाबदलीचा पहिला दिवस. आरुषीने तो मोठ्या टीव्हीवर लावला आणि तात्यारावांना हाक मारली. ते येऊन सोफ्यावर बसले. ह्या वेळी गौतमीबद्दल ते काही बोलले नाहीत. "सुजाता, तू पुढे बस," एवढंच म्हणाले.

शेडच्या दारात एक माणूस पत्र्याचं भांडं घेऊन बसला होता. बायका रांगेत. एस्नाथ पहिली. तिने गाठ सोडून काळे दाणे भांड्यात ओतले, भांडं भरेना म्हणून दुसऱ्या टोकाचीही गाठ सोडली. माणसाने ते पोत्यात रिकामं केलं आणि शेजारच्या ढिगातून तेच भांडं चांगल्या दाण्यांनी शिगोशीग भरून तिच्या कापडात ओतलं. एस्नाथने एक दाणा उचलला, उन्हात धरून उलटसुलट पाहिला, सवयीने तो निवडला आणि तोंडात टाकला. मागच्या बायका तिला काहीतरी चिडवत होत्या. ती चावता चावता हसत होती आणि कापड दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

"मम, दॅट्स यू," आरुषी म्हणाली. "यू डिड दॅट."

सुजाता रडत होती. डोळे पुसायचंही तिला भान नव्हतं. नागसेन तिच्या शेजारी येऊन बसला.

"अजून गौतमीवर जळतेस?" त्याने हळूच विचारलं.

"तिच्यावर आहेच," सुजाता म्हणाली. "पण ते काहीच नाही रे. मी ह्या बाईवर जळतेय."

"ह्या म्हातारीवर?"

"हिला बदलून मिळाले," ती म्हणाली. "माझ्या आईला कुणी दिले नाहीत."